एका माणसाची बस

कोसंबीटोल्यात पहिल्यांदा बस आली तेव्हा सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. नारळ फुटला. ड्रायव्हर मिथुनच्या कपाळाला हळद लागली, गाडीच्या काचेलाही लागली, आणि मिथुनने सवयीने वायपर चालवल्यामुळे ती काचभर पसरली. मग कंडक्टर गफ्फार शेख यांनी दार उघडून “चला, बसा” म्हटलं, आणि एक माणूस चढला.

उरलेले दीडशे जण त्याला निरोप द्यायला उभे राहिले.

गफ्फारभाईंनी दार बराच वेळ उघडंच धरलं. गाडी नवीन आहे, लोक बुजत असतील, एकाला पाहून दुसरा चढेल, असा त्यांचा एकतीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव होता. कोणी चढलं नाही. चढलेला माणूस मात्र खिडकीतून एकेक रिकामी पिशवी आत घेत होता, आणि प्रत्येक पिशवीबरोबर बाहेरून कोणीतरी त्याला काहीतरी सांगत होतं. तो लिहून घेत नव्हता. नुसता मान हलवत होता. पिशव्या संपल्यावर तो पुढच्या बाकावर बसला, दोन्ही गुडघे हातांनी उचलून सरळ केले, आणि म्हणाला, “चाला भाऊ. कोणी येत नाई आता. मीच आहो.”

हा इसरू उसेंडी. वय आधार कार्डाप्रमाणे अडुसष्ट, जन्म एक जानेवारीचा. कोसंबीटोल्यात साठीच्या पुढचे सगळेच एक जानेवारीला जन्मले आहेत. आधारवाल्याला त्या दिवशी घाई होती.

तालुक्यातली शहर बस आजवर वननाक्यापर्यंतच यायची. नाक्यावर नगराची हद्द संपते, तसा तिथे फलक आहे. फलकापलीकडे आठ किलोमीटर जंगल, आणि मग कोसंबीटोला, घरं अडतीस. हद्दीबाहेरच्या माणसाला बस द्यावी किंवा कसे, हा प्रश्न अकरा वर्षं विचाराधीन होता. तेवढ्या काळात विचार करणारे तीन साहेब निवृत्त झाले. चौथ्याने विचार न करताच फाइलवर सही केली असावी, कारण मंजुरी अचानक आली. पण ती तात्पुरती होती. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक, अशा आठ फेऱ्या करून पाहायच्या. सकाळी नऊला गावातून निघायचं, संध्याकाळी पाचला परत आणून सोडायचं. आठव्या फेरीला साहेब स्वतः बसून येतील, आणि जे दिसेल ते लिहितील. निदान पंधरा माणसं दिसली तर बस राहील.

अकरा वर्षांत दरवर्षी अर्ज घेऊन जाणारा माणूसही इसरूच होता. त्यामागे गावाच्या विकासाचा वगैरे विचार नव्हता. त्याचे गुडघे गेले होते.

कोसंबीटोल्याची एक पद्धत आहे. गावातून तालुक्याला एका दिवशी एकच माणूस जातो. तो सगळ्यांची कामं घेऊन जातो आणि सगळ्यांचं सामान घेऊन येतो. पूर्वी ही पाळी घरटी फिरायची. पण बावीस वर्षांपूर्वी पाळी इसरूवर आली तेव्हा असं लक्षात आलं, की या माणसाला अडतीस घरांचं सगळं तोंडपाठ राहतं. कोणाला कुठला साबण, कोणाच्या बांगडीचं माप काय, कोणाचा कागद कुठल्या टेबलावर अडकला आहे, आणि त्या टेबलावरचा माणूस जेवायला किती वाजता जातो. तेव्हापासून पाळी त्याच्याकडे आली ती पुढे सरकलीच नाही. बदल्यात गाव त्याच्या धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करून द्यायचं. आठवड्यातून दोनदा आठ किलोमीटर जायचं, आठ यायचं. आधी पायी, मग सायकलने, आणि गुडघे गेल्यावर सायकलला धरून पायी.

यात दुसरं कोणी मधे पडायचं नाही, हा या पद्धतीचा गाभा. एक माणूस जातो आहे हे माहीत असून त्याच दिवशी दुसरा गेला, तर त्याचा अर्थ असा होतो, की पहिल्यावर याचा भरवसा नाही. मागे बुधू पोटावी नावाचा गडी एकदा असाच गेला होता. त्याला चपला घ्यायच्या होत्या, आणि पाय आपला असल्यामुळे आपणच जावं असं त्याला वाटलं. दुकानात समोर इसरू उभा. दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही असं केलं. पण गावात बातमी दोघांच्या आधी पोचली, आणि बुधूला कोंबडा कापून सगळ्यांना जेवण द्यावं लागलं. चपलाही चावल्या, असं गावातल्या मनकर्णाबाई अजून सांगतात.

आता अशा गावात बस आली. बसमध्ये चव्वेचाळीस जागा होत्या.

दुसऱ्या फेरीला इसरू एकटाच चढला, फक्त पिशव्या वाढल्या होत्या. पूर्वी लोक पाच किलोच्या वर काही सांगताना विचार करायचे, शेवटी म्हाताऱ्याने उचलून आणायचं. आता तो विचार करायचं कारण उरलं नव्हतं. कोणी पत्र्याची बादली सांगितली, कोणी कोंड्याचं पोतं. गाव पाटील मुखरू गावडे यांनी प्लास्टिकची खुर्ची सांगितली. तालुक्यात उतरल्यावर इसरू जितका चालायचा तितकाच अजूनही चालत होता. आता हातात ओझं मात्र तिप्पट होतं.

तिसऱ्या फेरीहून परतताना गफ्फारभाई तिकिटाचं यंत्र मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर होती आणि कंबर त्याआधीच निवृत्त झाली होती, त्यामुळे दोघांचं जमलं होतं. गफ्फारभाईंनी हळू आवाजात सांगितलं, की मशीनमध्ये आजवर तीन फेऱ्यांत तीन माणसं दिसतात. पिशव्या, बादल्या आणि खुर्ची मशीनला दिसत नाहीत.

“इसरूभाऊ, बुरा नका मानू,” ते म्हणाले. “तुमचं गाव बसले टाटा करायलेच येते का?”

इसरूने पद्धत समजावून सांगितली. गफ्फारभाईंनी ती पूर्ण ऐकली.

“म्हणजे तुम्ही आहात म्हणून कोणी येत नाई.”

“हो.”

“आणि कोणी आलं नाई तर बस जाणार. बस गेली तर तुम्ही पैदल.”

“हो ना भाऊ.”

“मंग तुम्हीच तुमचे दुश्मन झाले.”

इसरू म्हणाला, की हे त्याला पहिल्याच फेरीला समजलं होतं, पण कोणाला सांगावं हे समजत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने गावाला सांगितलं. सभा भरली, मुखरू पाटील नव्या खुर्चीवर बसले, बाकीचे खाली. घरात गोंडी, बाजारात झाडीबोली आणि कागदावर आणखी कुठली तरी मराठी, अशा तीन भाषा या गावाला येतात. इसरूने पहिल्या दोन्हींत समजावून पाहिलं. शुक्रवारी घरटी एक माणूस चढा. बसमध्ये बसा, तालुक्यात उतरा, काही काम नसलं तरी चालेल. नाहीतर बस जाते.

सगळ्यांना पटलं. मुखरू पाटलांनी तर हे आधीच सुचायला हवं होतं असं म्हटलं. शुक्रवारी गाव बसपाशी आलं, अंघोळी करून, डोक्याला तेल लावून. इसरू चढला. त्याच्यामागे कोणी पाय उचलला नाही. पुढे होता बुधू, आणि त्याला कोंबडा आठवला.

“बुधू, चढ ना गा,” इसरू आतून म्हणाला.

“तू चाललाच आहेस तर मी काऊन येऊ? लोक म्हणतील, बुधू पुन्हा गेला.”

“लोक सगळे इथीच उभे आहेत. कोण म्हणणार?”

“हेच म्हणतील,” बुधू म्हणाला. मागे उभ्या असलेल्या लोकांनी माना हलवल्या. ते म्हणाले असतेच.

चौथ्या फेरीलाही यंत्रात एक आला.

मंगळवारी इसरू गेलाच नाही. मी नसलो तर जातील, असा त्याचा हिशेब. पायाला कापड गुंडाळून तो दाराशी बसून राहिला. बस आली, दहा मिनिटं थांबली, हॉर्न वाजवून रिकामी गेली. थोड्या वेळाने मनकर्णाबाई त्याच्याकडे तांदळाची पेज घेऊन आल्या. सगळ्यांनी ठरवलं होतं, की त्याला बरं वाटेपर्यंत थांबायचं. मीठ दोन घरांत संपलं होतं, पण ती दोन घरं मीठ नसलेलं खाऊन राहिली होती, आणि इसरूने त्याची मुळीच काळजी करू नये असा त्यांनी निरोप दिला होता.

काळजी करू नको असा निरोप अडतीस घरांतून आला, की माणसाला झोप लागत नाही.

पेज संपल्यावर सुकरी त्याच्यासमोर येऊन बसली. सुकरी त्याची बायको. बावीस वर्षं तिने सगळ्यांचं सामान ओट्यावर वाटून दिलं होतं. आपलं राहिलेलं पुढच्या खेपेला आणायचं, हा तिचा नियम होता.

“भरवसा आहे म्हणून येत नाईत ना,” ती म्हणाली. “मंग घालव ना भरवसा.”

“कसा?”

“चुकव.”

इसरूला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणते आहे. मग कळलं. त्याला गुडघ्यांनी दिला नव्हता एवढा त्रास या एका शब्दाने दिला. बावीस वर्षांत त्याच्याकडून एकदाच चूक झाली होती, तीही दुकानदाराने केली होती, आणि ती बदलून आणायला तो भर उन्हात परत गेला होता.

“खरं आणून तुले काय भेटलं?” सुकरीने विचारलं. “आता खोटं आणून पाहा दोन खेपा.”

सहाव्या फेरीला त्याने चुका केल्या. बरोबर आणायला जेवढी अक्कल लागते त्याहून चुकीचं आणायला जास्त लागते, हे त्याला त्या दिवशी कळलं. औषधाला हात लावायचा नाही, लेकरांच्या वस्तूंना नाही, मीठ-तेलाला नाही. उरलेल्यात नुकसान थोडं आणि राग भरपूर येईल असं शोधायचं. मनकर्णाबाईंना सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या हव्या होत्या, त्यांना अडीचच्या जांभळ्या आणल्या. मुखरू पाटलांच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर दोन होता, त्यांना तीनचा आणला. बुधूच्या टॉर्चला जाडे सेल लागत होते, त्याला घड्याळाचे बारीक आणले. दुकानदार त्याला प्रत्येक वेळी आठवण करून देत होता, की भाऊ, तुमच्या गावाचं हे माप नाही. इसरू खाली मान घालून म्हणत होता, हेच द्या.

ओट्यावर सामान वाटलं गेलं. तो आत भिंतीला टेकून ऐकत राहिला. आता ओरडतील, मग ओरडतील.

कोणी ओरडलं नाही. मनकर्णाबाईंनी बांगड्या घातल्या आणि त्या पडू नयेत म्हणून हात वर धरून घरी गेल्या. मुखरू पाटलांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, बरा आहे, सूनबाई एकदम जवळ आली. बुधूने बारीक सेलांना चिंधी गुंडाळून ते टॉर्चमध्ये बसवले. टॉर्च लागला नाही, पण सेल वाजत नव्हते, हे त्याने मुद्दाम येऊन सांगितलं.

सातव्या फेरीला इसरूने आणखी धीर केला. तंबाखूच्या जागी चहापत्ती आणली, दोन घरांचं सामान उलटसुलट दिलं, आणि एका घराचं काही आणलंच नाही. या खेपेला मात्र गावात शांतता पसरली. लोक आपापल्या घरी जाऊन दारं लोटून बोलू लागले. एकाने दुसऱ्याला सांगितलं, की इसरूभाऊ गेल्या खेपेपासून माणसाच्या तोंडाकडे पाहत नाही. दुसऱ्याने सांगितलं, की रस्त्याने चालताना आपल्याशीच बोलतो. तो बोलत होता हे खरं होतं. कोणाकडे काय चुकवायचं ते पाठ करत होता.

बुधवारी गावच्या पुजाऱ्याने येऊन कौल पाहायला तांदळाचे दाणे मांडले, दोनदा मांडले, आणि सांगितलं की हे देवाकडचं नाही, दवाखान्यातलं आहे. त्याने असं सांगितल्याचं गावात क्वचितच कोणाला आठवत होतं, त्यामुळे सगळ्यांना फार भीती वाटली.

आता कोसंबीटोल्याची दुसरी एक पद्धत आहे. ती इतकी जुनी आणि सगळीकडची आहे, की तिला पद्धत म्हणावी असं कोणाला सुचत नाही. आपल्या कामाला एक जण जातो. आजाऱ्याबरोबर गाव जातं.

शुक्रवारी नऊच्या आधीच रस्त्यावर रांग होती. घरटी एक, काही घरांतून दोन. डबे, चटया, पाण्याच्या कॅन. मुखरू पाटलांची गरोदर सूनसुद्धा आली होती, कारण इसरूभाऊंनी तिच्या लग्नाची चुडी आणली होती आणि ती एक नंबर बसली होती. इसरूला दोघांनी धरून आणलं. तो चालू शकतो असं तो सांगत होता, पण अशा माणसाचं काय ऐकायचं.

नेमकी ही आठवी फेरी. सर्वेक्षणाचे साहेब मिथुनच्या मागच्या बाकावर फाइल घेऊन बसले होते. गाडी भरली, मधली जागा भरली, पायरीवर दोघं उभे राहिले. गफ्फारभाई तिकिटं फाडत मागून पुढे आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. एकतीस वर्षं गर्दीत काढल्यावर असा चेहरा कमावता येतो.

साहेबांनी विचारलं, “नेहमी असंच असतं का?”

“साहेब, आधीच्या फेऱ्यांचं जोडपत्र ब मध्ये आहे,” गफ्फारभाई म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. जोडपत्र ब आजवर कोणी उघडलेलं नाही. त्यांनी गाडीवर नजर फिरवली आणि लिहिलं, की प्रतिसाद उत्स्फूर्त आहे, प्रवासी शिस्तप्रिय असून प्रवासात अत्यंत गंभीर असतात.

ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात गाव भिंतीला पाठ लावून बसलं. नंबर यायला दीड तास होता. इसरू बाकावर मधे, एका बाजूला सुकरी, दुसऱ्या बाजूला मुखरू पाटील. पाटलांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“घाबरू नको गा. डॉक्टर म्हणाली काही नाई, तर मंगळवारचं सांगूनच ठेवतो तुले. सगळ्यांचं तुंबलं आहे.”

“आणि काही निघालं तर?” इसरूने विचारलं.

उत्तर मनकर्णाबाईंनी दिलं, त्याला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू, पण त्याला ऐकू गेलं. “अडतीस घरांचं डोक्यात ठेवून डोकं गेलं त्याचं. आता दुसऱ्या कोणाचं घालवता का? ज्याचं त्यानं आणा.”

इसरूने डोळे मिटून घेतले. एवढं सोपं होतं तर. बस तर साहेबाने लिहून टाकली होती, पण पुढच्या मंगळवारी पुन्हा तो एकटाच चढला, तर ती किती दिवस टिकेल हे सांगायला साहेबाची गरज नव्हती. आता सगळं त्या पडद्यामागच्या टेबलापाशी येऊन थांबलं होतं. आतून बरा निघाला तर बस गेली.

आत एकाच नातेवाइकाला सोडत होते. सुकरी गेली.

डॉक्टर आफ्रीन तरुण होत्या आणि त्या दिवशीचा त्यांचा हा सत्त्याऐंशीवा पेशंट. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, प्रकाश टाकून डोळे पाहिले, मग म्हणाल्या, “बाबा, मी तीन शब्द सांगते. पाच मिनिटांनी विचारीन. सफरचंद, टेबल, रुपया.”

आणि त्या दुसऱ्याचे कागद पाहू लागल्या. इसरू समोरच्या कॅलेंडरकडे पाहत बसला. तीन शब्द. एवढंच माणसाला विचारतात. गेल्या दोन खेपांत तो सत्तावीस कामं घेऊन निघाला होता. त्यांतली नऊ त्याने चुकवली होती, आणि कोणती नऊ, कशी चुकवली, हेही त्याला लक्षात ठेवावं लागलं होतं.

“सांगा बाबा. कोणते तीन?”

सुकरीने त्याच्याकडे पाहिलं. इसरूने तोंड उघडलं. नाही आठवत, एवढंच म्हणायचं होतं. ते त्याच्या तोंडून निघेना.

“सफरचंद, टेबल, रुपया,” तो म्हणाला. मग थांबता येईना. मनकर्णाच्या बांगड्या सव्वादोनच्या, हिरव्या. मुखरूचा चष्मा दोन नंबर, काळी दांडी. बुधूचे जाडे सेल, दोन. तळ्याकडच्या घरचा तंबाखू, पिवळ्या पुडीतला, लाल नाही. अशी सत्तावीस कामं त्याने खालच्या आवाजात, एका दमात म्हटली. पडद्याकडे पाहत, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करत. संपल्यावर त्याने कपाळ पुसलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“मग इथे कशाला आलात?”

“मी बरा निघालो तर बस जाते, बाई,” इसरू म्हणाला.

पुढचं सुकरीने सांगितलं. तीन-चार मिनिटं लागली असतील. बाहेर अठ्ठ्याऐंशीव्या नंबरचा माणूस खोकत होता. डॉक्टर आफ्रीन यांनी पडदा थोडा सरकवून व्हरांड्यात पाहिलं. चाळीसच्या वर माणसं एकदम उठून उभी राहिली. डॉक्टरांनी पडदा सोडला.

“मी खोटं लिहिणार नाही,” त्या म्हणाल्या.

“नका लिहू,” इसरू म्हणाला.

त्यांनी लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने वाचलं, म्हणजे सुकरीला बाहेर सांगता येईल. दोन्ही गुडघ्यांची झीज. ओझं उचलू नये. डोक्याला ताण देऊ नये. दर मंगळवारी तपासणीला येणे, सोबत माणूस आवश्यक. खाली सही केली आणि पुढचा नंबर बोलावला.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कोसंबीटोल्याला त्यातलं डोक्याचं तेवढं ऐकू आलं.

बस कायम झाली. मोहाची फुलं वेचण्याच्या दिवसांतसुद्धा मंगळवारी वीस-बावीस आणि शुक्रवारी पंधरा-सोळा माणसं असतात. ज्याचं तो आणतो. पहिल्या महिन्यात तालुक्याच्या दुकानदारांची चांदी झाली. एक बाई नुसतं रॉकेल कुठे मिळतं ते विचारत बाजारभर फिरली, आणि तिला कोणी सांगेना की आता ते मिळत नाही. कागदांची कामं घेऊन गेलेले लोक जेवणाच्या सुट्टीतच नेमके पोचतात. गावाने इसरूच्या धानाचा रोवणा करायचं ठरवलं आहे, आजारी माणूस म्हणून.

इसरू दर मंगळवारी दवाखान्यात जातो. काम पाच मिनिटांत होतं, मग पाच वाजेपर्यंत तो बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानासमोर पायरीवर बसून राहतो. हातात काही नाही. गुडघे आता बरे आहेत. पण दिवसभर बसून तो जितका थकतो तितका चालून कधी थकला नव्हता.

परवा बुधू त्याच दुकानात सायकलची ट्यूब घ्यायला आला. दुकानदाराने विचारलं, सव्वीसची का अठ्ठावीसची? बुधूला ते माहीत नव्हतं. सायकल घरी होती. त्याने दोन्ही हात पसरून चाकाचा अंदाज दाखवला, मग जरा जास्त पसरून दाखवला. दुकानदाराने बुधूच्या खांद्यावरून पायरीकडे पाहिलं. बावीस वर्षं त्याने हे माप ज्या माणसाकडून ऐकलं होतं तो समोरच बसला होता.

इसरूने रस्त्यावरच्या कुत्र्याकडे पाहायला सुरुवात केली.

“इसरूभाऊ,” बुधूने विचारलं, “माह्या सायकलीले कोणती लागते, आठवते का तुले?”

“मले काय आठवते आता, बाबा,” इसरू म्हणाला.

बुधूने सव्वीसची घेतली. संध्याकाळी बसमध्ये त्याने ती पिशवीतून काढून पाहिली, ताणून पाहिली, आणि ती लहान पडणार हे त्याच्या लक्षात आलं. तो हळहळला. गफ्फारभाई तिकीट द्यायला शेजारी उभे होते.

“शुक्रवारी पुन्हा यावं लागते आता,” बुधू म्हणाला.

“ये,” इसरू म्हणाला, आणि खिडकीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले.